आधी या नंबरवर विचारा

सोमवार, ९ मार्च

ताई,

या आठवड्यात तुला कंपनीचं एक पत्र येईल. लांब पाकीट, खिडकीतून तुझं नाव दिसणारं. ते न वाचता फाडू नकोस. कंपनीच्या कागदांचा तुला वीट आला आहे हे मला माहीत आहे, पण यात तुला कुणी काही विचारलेलं नाही आणि कुणी परतही बोलावलेलं नाही. वाचून फारसं कळणार नाही, कारण ते वकिलांनी लिहिलं आहे आणि एका पानात 'अनधिकृत' हा शब्द सहा वेळा आला आहे. म्हणून हे दुसरं पत्र, साध्या भाषेत. असं पत्र मी सगळ्याच जुन्या लोकांना लिहिते आहे. ते माझं कामच आहे.

झालंय असं, की कंपनीकडची सगळ्यांची माहिती चोरीला गेली. आज कामावर असलेल्यांची आणि गेल्या दहा वर्षांत सोडून गेलेल्यांचीसुद्धा. नाव, पत्ता, जन्मतारीख, ओळखपत्राचा नंबर, बँकेचं खातं. आमच्या ऑफिसातल्या एका व्यक्तीला मोठ्या साहेबांच्या नावाने मेल आला: 'मीटिंगला बसतोय, सगळ्यांची यादी लगेच पाठवा, फोन करू नका.' त्या व्यक्तीने पाठवली. साहेब त्या वेळी दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसले होते. त्यांनी मेल केलाच नव्हता. पण तुला आठवत असेल, आपल्याकडे साहेबांना उलट विचारायची पद्धत नाही. चोराला ती पद्धत माहीत होती.

आता तुझ्या कामाचं सांगते. भीती अशी आहे, की तुझं नाव आणि नंबर लावून कुणीतरी कर्ज काढेल, एकही हप्ता भरणार नाही, आणि वर्षभराने वसुलीवाला तुझ्या दारात येऊन उभा राहील. तोवर तुझ्या नावाला असा डाग लागलेला असेल, की तुला खरंच गरज पडली तर कुणी उभं करणार नाही. कर्ज देणारे आधी क्रेडिट ब्युरोकडे चौकशी करतात: ही बाई घेतलेलं फेडते का? तू तो फोन हप्त्यांवर घेतला होतास ना, आईला दम्याचा झटका आला की ऑफिसात कळावं म्हणून, तेव्हापासून त्यांच्याकडे तुझी नोंद आहे. त्या नोंदीला कुलूप घालता येतं. मग तुझ्या नावावर कुणालाच कर्ज मिळत नाही. पैसे पडत नाहीत. कंपनीच्या पत्रासोबत ब्युरोचा फॉर्म आहे. तो भर, ओळखपत्राची प्रत जोड आणि पाठव. त्यांच्याकडून एक गुप्त क्रमांक येईल, तो जपून ठेव. कुलूप उघडायचं तर तोच लागतो. आणि कुणी फोन करून 'मी कंपनीतून बोलतोय, आलेला नंबर सांगा' म्हणालं, तर सांगू नकोस. मी आहे म्हणून सांगितलं तरी सांगू नकोस.

तुझा पत्ता मी शोधला नाही. पाकिटांवरची नावं तपासायचं काम माझ्याकडे होतं, त्यात तुझं पाकीट आलं.

आई बरी आहे.

तुझी धाकटी बहीण
(कर्मचारी विभाग)

मंगळवार, १७ मार्च

ताई,

पत्रासोबत एक छोटी पावती होती, 'मिळालं' म्हणून सही करून परत पाठवायची. कालपर्यंत चारशे आल्या. मी रोज सकाळी टपाल आलं की त्या अक्षरांनुसार लावते. लावायची गरज नसते, पण लावते. तुझी आली नाही.

जेवणाच्या सुट्टीत माझ्या खिडकीपाशी रांग लागते. एरवी त्या खिडकीपाशी फक्त रजेचे अर्ज घेऊन येतात लोक. आता कुणी म्हणतं, माझ्या नावावर कर्ज निघालं तर मीच घेतलं असं धरतील का? कुणी म्हणतं, माझ्या नावावर चोराला काय मिळणार, त्याचीच कीव येते मला. पॅकिंगच्या मावशी परवा आल्या. तुझ्या शेजारच्या टेबलावर असायच्या त्या, खोके दुमडताना गाणी म्हणणाऱ्या. फॉर्म हातात घेऊन म्हणाल्या, "बैल गेला आणि झोपा केला! आता कुलूप लावताय होय?"

मी म्हटलं, "मावशी, बैल अजून गेला नाही. फक्त गोठ्याची किल्ली गेली आहे."

"मग तसं लिहा की कागदावर. हे काय लिहिलंय, अनधिकृत-फनधिकृत. माझ्या सुनेलासुद्धा वाचता येईना, आणि ती तर शाळेत शिकवते."

मला लाज वाटली. कारण मागच्या पत्रात मी तुला खोटं सांगितलं होतं. साधं पत्र मी सगळ्यांना लिहीत नव्हते, एकट्या तुलाच लिहिलं होतं. पाकीटही हाताने केलं होतं आणि तिकीट माझ्या पैशाचं होतं. म्हणून त्या संध्याकाळी बसून मी तेच पत्र, तुझ्या-माझ्यातलं सोडून, पुन्हा लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना वाटलं. एक प्रत बोर्डावर लावली. कँटीनच्या दारापाशी, जिथे त्या महिन्याच्या वाढदिवसांची यादी लागायची तिथे. ती यादी आता लावायची नाही असा हुकूम निघाला आहे. जन्मतारीख ही खाजगी गोष्ट आहे म्हणे. इतकी वर्षं भिंतीवर टांगलेली होती. मावशी सांगतात, मी लागण्याआधी दर एक जानेवारीला त्या बोर्डावर तुझं नाव पहिलं असायचं. सगळे टाळ्या वाजवायचे आणि तू हसून मान खाली घालायचीस. लोकांना वाटायचं तू लाजतेस.

मावशींनी तुझं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. (विचारलं होतं. म्हणजे, "तिकडे सगळे बरे ना?" एवढंच.) त्या म्हणाल्या, पडदे शिवणाऱ्या एका बाईंकडे तू काम करतेस, हात चांगला बसला आहे, आणि जाड कापडाचं स्वतःचं मशीन घ्यायचं तुझ्या मनात आहे. हप्त्यांवर.

ते ऐकल्यापासून मला चैन नाही. कारण मी तुला कुलूप लावायला सांगून बसले, आणि ते लागलं तर तुझ्याच मशीनचा अर्ज अडेल. उघडता येतं, पण दहा दिवस लागतात, आणि मशीनवाला दहा दिवस थांबत नसतो. त्यापेक्षा दुसरी सोय आहे. फॉर्मच्या मागच्या बाजूला बघ. कुलपाऐवजी नोंदीवर एक इशारा लावता येतो: 'या नावाने कर्ज मागितलं गेलं, तर देण्याआधी या नंबरवर विचारा.' म्हणजे दार बंद नाही, पण दारात कुणीतरी बसलेलं आहे. तिथे स्वतःचा किंवा भरवशाच्या माणसाचा नंबर लिहायचा असतो. दिवसभर मशीनपाशी असलीस तर तुला फोन उचलता येणार नाही, म्हणून ज्यांच्याकडे काम करतेस त्यांचा नंबर दे. भल्या असतील त्या. मावशी म्हणाल्या, भल्या आहेत.

माझा नंबर बदललेला नाही. तरीही खाली लिहून ठेवते, फॉर्मसाठी नाही, असाच.

डिस्पॅचच्या ड्रायव्हरकाकांच्या नावावर दोन महागडे फोन घेतले गेले, पाचशे मैल लांबच्या कुठल्यातरी दुकानातून. त्यांच्या स्वतःच्या फोनची काच दोऱ्याने बांधलेली आहे. सगळे हसले. ते हसले नाहीत.

फॉर्म भर, ताई. माझ्यावरचा राग फॉर्मवर काढू नकोस.

तुझी धाकटी

रविवार, ५ एप्रिल

ताई,

आज सुट्टी. आई पलंगावर बसून बटणं लावते आहे आणि मी टेबलावर लिहिते आहे. मघाशी तिने विचारलं, "तिला पत्रं लिहितेस होय?"

"कंपनीची आहेत, आई."

"बरी रडते गं तुझी कंपनी, टेबलावर डोकं ठेवून."

मी कागद उलटा केला. मग तीच म्हणाली, "तिला लिही, आईला दम्याचा पंप आता रोज लागत नाही. आणि लिही, तिची गादी मी दर पंधरा दिवसांनी उन्हात घालते. का घालते ते लिहू नकोस."

लिहिलं.

आता माझं. पहिल्या पत्रात मी 'ऑफिसातली एक व्यक्ती' असं लिहिलं होतं. ती मीच.

कंपनीत लागले तेव्हा कामगारांची माहिती चार कपाटांत होती, तुला माहीत आहे. एक फाईल मिळवायची तर दोन माणसं आणि एक स्टूल लागायचं. मला वाटायचं, हे सगळं स्वच्छ झालं पाहिजे. प्रत्येकाचं नाव बरोबर, प्रत्येकाचा पत्ता बरोबर. कुणाची रजा हरवू नये, कुणाचा पैसा अडकू नये. सहा महिने बसून मी सगळ्यांची एकच यादी केली. आमच्या विभागाच्या मोठ्या बाईंनी ती सगळ्यांना दाखवली. घरातली पहिली शिकलेली मुलगी, तिने केलेलं पहिलं मोठं काम. मी तिचा अभिमान धरून बसले होते. कपाटं कुणाला मेलमधून पळवता आली नसती. यादी मी एका बटणाने पाठवून दिली, आणि वर 'आणखी काही लागलं तर कळवावे' असंही लिहिलं.

कळल्यावर मी मोठ्या बाईंकडे गेले. म्हटलं, "बाई, तो मेल मी पाठवला."

"माहीत आहे. मेलवर नाव असतं. बस."

त्यांनी मला चहा मागवला. लेखी ताकीद मिळेल म्हणाल्या, पगाराला हात लागणार नाही. "तू प्रामाणिक मुलगी आहेस. चूक कुणाच्याही हातून होते."

मी चहाकडे बघत होते. तोंडातून गेलंच, "मग माझ्या बहिणीचं काय झालं होतं, बाई?"

त्यांनी समोरचे कागद सरळ केले. मग म्हणाल्या, "तो विषय वेगळा होता."

वेगळा कसा, ते मला तीन वर्षं कळलेलं नाही. म्हणजे, मी कळून घेतलेलं नाही. आज लिहून काढते.

यादी करताना तुझी फाईल आली. त्यात जन्मतारीख एक जानेवारी, आणि साल दोन वर्षं आधीचं. मी हसले. मला वाटलं, कुणा कारकुनाची चूक. अकरा ऑक्टोबरला मी दरवर्षी तुला कागदाचं काहीतरी करून द्यायचे, मला तारीख कोण शिकवणार? मी ती दुरुस्त केली. आणि नियम होता, की दुरुस्ती केली की कारण लिहून वर पाठवायचं. मी लिहिलं: 'नोकरीस लागतेवेळी चुकीची तारीख दिलेली दिसते.' हे वाक्य मी लिहिलं. मला छान वाटलं होतं ते लिहिताना, स्वच्छ वाटलं होतं.

तू तेव्हा सोळाची होतीस, आणि अठराशिवाय घेत नव्हते. बाबा नुकतेच गेले होते. मी अकरा वर्षांची होते, मला वाटायचं तुला नोकरी आवडते म्हणून तू शाळा सोडलीस. माझ्या डोक्यातच आलं नाही, की ती तारीख चूक नव्हती, तू ती ठरवून दिली होतीस. कंपनीने अल्पवयीन मुलगी कामावर ठेवली होती असं निघालं असतं तर कंपनीवरच शेकलं असतं. म्हणून तुझ्याकडून राजीनामा घेतला. चार दिवसांत. मी वरच्या मजल्यावर, तू खालच्या, आणि मला कळलं ते मावशींकडून.

तुला विचारायला मला फक्त एक जिना उतरायचा होता. नाहीतर घरी जेवताना. "ताई, ही तारीख अशी का गं?" एवढंच. विचारलं नाही.

तू घर सोडलंस त्या सकाळी कंपनीचा निळा एप्रन इस्त्री करून, घडी घालून परत द्यायला ठेवलास. माझं पदवीचं प्रमाणपत्र भिंतीवर होतं. त्याकडे बघून म्हणालीस, "त्याच खोट्या तारखेवर शिकलीस गं, खोडरबर." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

आणखी एक आहे. ते मनातून जात नाही. मी ती तारीख तशीच राहू दिली असती, तर चोराला खोटी तारीख मिळाली असती. ब्युरोकडे तुझी खरी आहे, ओळखपत्रावरची. दोन्ही जुळल्या नसत्या आणि त्याचा अर्ज तिथेच पडला असता. चौदाशे माणसांत तू एकटी वाचली असतीस. तुझ्या खोट्या तारखेने मला शिकवलं, आईचं औषध आणलं, आणि या चोरीतही तिने तुला सांभाळलं असतं. मी ती खोडून खरी लिहिली आणि चोराच्या हातात दिली.

तीन वर्षं तुझा पत्ता माझ्यापासून दोन कपाटांवर होता. तुझे राहिलेले पैसे पाठवायला तू कंपनीला दिला होतास. मी ती फाईल एकदाही उघडली नाही. म्हणायचे, तो पत्ता तिने कंपनीला दिला आहे, मला नाही. चोरांनी तो एका दुपारी वाचला. मी पाकिटं तपासताना पाहिला तेव्हा नजर पुढे न्यायला हवी होती. नेली नाही. दुसरा मजला, मागचा जिना. तेवढ्यावरून मी अख्खी खोली मनात मांडली आहे. खिडकीला तू स्वतः शिवलेला पडदा असेल. मशीन उजेडाकडे असेल. एकच खुर्ची असेल की दोन, एवढं मात्र ठरत नाही.

माफी मागत नाही, कारण ती मागितली की तुला काहीतरी द्यावं लागेल, आणि तू फार दिलं आहेस. फक्त तो फॉर्म भर.

तुझी

शुक्रवार, २४ एप्रिल, दुपार

ताई,

हे मी गुडघ्यावर पर्स ठेवून लिहिते आहे. अक्षर हलेल.

काल सकाळी अकराच्या सुमाराला फोन आला. अनोळखी नंबर. मी रजेचे अर्ज लावत होते. एक माणूस म्हणाला, "फायनान्स कंपनीतून बोलतोय. तुम्ही अमुक अमुक यांच्या कोण?"

त्याने तुझं नाव घेतलं. पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट. तीन वर्षांत ते कुणी माझ्यासमोर मोठ्याने उच्चारलं नव्हतं.

मी म्हटलं, "बहीण. का? काय झालं?"

"झालं काही नाही. त्यांच्या नावाने कर्जाचा अर्ज आला आहे. नोंदीवर इशारा आहे, आधी या नंबरवर विचारा. म्हणून विचारतोय. अर्ज त्यांचाच आहे ना?"

या नंबरवर! मी तुला शिवणाच्या बाईंचा नंबर द्यायला सांगितला होता. माझा खाली लिहिला होता तो असाच. तू तो फॉर्मवर लिहिलास. म्हणजे पत्रं पोचली. म्हणजे तू ती फाडली नाहीस, निदान दुसरं तरी, निदान शेवटच्या ओळीपर्यंत. भरवशाच्या माणसाच्या जागी तू माझा नंबर लिहिलास, आणि हे मला सांगायला एक फायनान्स कंपनीचा माणूस यावा लागला.

"मॅडम? ऐकताय ना? हो की नाही तेवढं सांगा, मला पुढचे फोन आहेत."

"कशासाठी आहे कर्ज?"

"ते सांगता येत नाही."

"अर्जावर जन्मतारीख काय आहे?"

"ती तुम्ही सांगायची, मी फक्त जुळते का ते बघणार."

मी अकरा ऑक्टोबर सांगितलं, खरं साल.

"जुळते," तो म्हणाला. "मग हो धरू?"

बघ ना, ताई. खरी तारीख. ती तुझ्याकडे आहे कारण ती तुझी आहे, आणि चोराकडे आहे कारण मी ती यादीत घातली. तारीख बरोबर आहे एवढ्यावरून मला काहीच कळत नव्हतं. हो म्हटलं आणि अर्ज चोराचा निघाला, तर ते कर्ज तुझ्या डोक्यावर. नाही म्हटलं आणि अर्ज तुझ्या मशीनचा असला, तर दुसऱ्यांदा मी तुझ्या हातचं काम काढून घेतलं, तेही असंच, टेबलापाशी बसल्या बसल्या, नियमाला धरून. तीन वर्षांपूर्वीची मी 'नाही' म्हणून मोकळी झाले असते. सावध राहिलेलं बरं, असं वर लिहूनही पाठवलं असतं.

मी म्हटलं, "मी तिला विचारून सांगते."

"विचारा की. मी लाइनवर आहे."

"तिचा आताचा नंबर नाही माझ्याकडे."

"तुमच्या सख्ख्या बहिणीचा नंबर तुमच्याकडे नाही?"

"नाही."

"आणि तिने तुमचा दिलाय."

"हो."

तो माणूस बरा होता. खोकला, कागद हलवल्यासारखा आवाज आला. म्हणाला, "शनिवारी दुपारी बारापर्यंत मी अर्ज बाजूला ठेवतो. मंजूरही नाही, नामंजूरही नाही. त्यापुढे माझ्या हातात नाही."

पत्र टाकलं असतं तर सोमवारी पोचलं असतं. म्हणून मोठ्या बाईंकडे रजा मागायला गेले. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, "बहिणीला एक गोष्ट विचारायची आहे." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. सही केली. म्हणाल्या, "तो विषय वेगळा नव्हता." आणि मान खाली घालून पुढचा कागद ओढला. हे तुला सांगायला हवं असं वाटलं.

आईला सांगितलं नाही. तरीही तिने सकाळी डबा दोघींचा भरला.

सकाळची गाडी, मग चालत. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी सायकलींचं दुकान आहे, त्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "पडदेवाल्या ताई? मागच्या जिन्याने जा, तिसरी पायरी सैल आहे." इथे तू सगळ्यांचीच ताई झाली आहेस वाटतं. मी तिसऱ्या पायरीवर जपून पाय ठेवला.

आता तुझ्या दाराबाहेर, जिन्यावर बसले आहे. दार हिरवं आहे. मी मनात तपकिरी धरलं होतं. आत मशीन चाललं आहे. एक लांब शिवण, मग थांबतं, मग आणखी एक. मध्ये कात्री ठेवल्याचा आवाज येतो. तू कात्री अशीच ठेवायचीस, आधी टोक आणि मग मूठ. म्हणजे तूच आहेस.

मी दार वाजवलेलं नाही. पत्ता तू मला दिलेला नाहीस, मी तो बघितला आहे. फोन नंबर मात्र तू माझा दिला आहेस, आणि त्या नंबरवर जे विचारलं गेलं ते तुला विचारणं एवढंच माझं काम आहे. ते करते.

ताई, तो अर्ज तुझा आहे का?

तुझा असेल तर मी त्यांना हो सांगते, कशासाठी आहे ते न विचारता. तुझा नसेल तर नाही सांगते, आणि चोरीची तक्रार कुठे करायची तो कागद पर्समध्ये आहे, तो दाराखालून देते. मी काहीच ठरवलेलं नाही. भेटायचं नसेल तर याच कागदावर एक शब्द लिहून परत सरकव. पेनही सोबत सरकवते. मी तो शब्द घेऊन खाली उतरेन आणि चारची गाडी पकडेन. डबा इथेच पायरीवर ठेवून जाईन, त्यात आईचं आहे, त्याच्यावर राग नको.

लहानपणी वहीत एखादा शब्द चुकला की मी तो पान फाटेपर्यंत खोडायचे, आणि तू मागून खळीने कागदाचा तुकडा चिकटवून द्यायचीस. सकाळी बाईंसमोर वही उघडली की ते पान इतर पानांपेक्षा जाड लागायचं. मी वर्गात हात त्या पानावरच ठेवून बसायचे. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

या पत्रातही दोन-तीन शब्द चुकले आहेत. तसेच ठेवते.

आता मशीन पुन्हा थांबलं की हे आत सरकवेन. ही शिवण लांब आहे. मोठी खिडकी असणार कुणाचीतरी.

थांबलं.

खोडरबर